भिंतीच्या पोटातला जिना आणि फिशआय लेन्स : माझा अनुभव

वाईला माझ्या आजोळच्या वाड्यात माडीवर जायचा एक जिना भिंतीच्या पोटातून जातो. रुंदी जेमतेम दोन फूट, पायऱ्या चढ्या, मध्येच काटकोनात वळण, आणि उजेडाला एकच झरोका. मामांनी वाड्याची दुरुस्ती काढायचं ठरवलं, कारण माडीखालच्या तुळयांना बाक आला होता आणि रस्त्याकडची भिंत पुढे झुकल्यासारखी वाटत होती. जुन्या वास्तूंचं काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला वाडा दाखवायला नेलं. तिने सगळा वाडा हळूहळू फिरून पाहिला आणि म्हणाली, "आधी मोजणी. प्लॅन मी टेपने काढीन, पण हा जिना आणि वरची माडी एकाच छेदात, म्हणजे वाडा उभा कापल्यासारख्या नकाशात, दिसली पाहिजे. कोणती भिंत किती कलली आहे हे कळल्याशिवाय मी सुताराला लाकूड सांगणार नाही."

लेझर स्कॅनर भाड्याने आणायचा खर्च झेपणारा नव्हता. नोकरीत मी कॅमेऱ्याच्या चित्रांवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून फोटोंवरून वाड्याचं त्रिमितीय मॉडेल करायचं काम मी अंगावर घेतलं. ते कसं पार पडलं ते जरा सविस्तर लिहिते आहे. जुने वाडे, बारवा, लेण्यांतल्या अंधाऱ्या खोल्या यांची नोंद ठेवू पाहणारे बरेच जण आहेत, आणि त्यांची गाडी नेमकी अशा अरुंद जागीच अडते.

फोटोंवरून त्रिमिती काढण्यामागचा विचार सोपा आहे. भिंतीवरची एखादी खूण दोन-तीन वेगळ्या जागांवरून टिपली, तर प्रत्येक फोटोतून त्या खुणेकडे एक किरण जातो आणि हे किरण जिथे मिळतात तिथे ती खूण असते. हजारो खुणांसाठी हे केलं की खुणांच्या जागाही कळतात आणि फोटो काढताना कॅमेरा कुठे होता हेही कळतं. पण यासाठी एक अट आहे: एकच खूण पुष्कळ फोटोंत दिसली पाहिजे, आणि त्या फोटोंच्या जागा एकमेकींपासून पुरेशा लांब हव्यात. अंगणात हे सहज जमतं. दोन फुटी जिन्यात जमत नाही.

फोनच्या साध्या कॅमेऱ्याने काय होतं ते पाहिलं. आडवं दृश्यक्षेत्र साधारण ७४ अंश धरलं, तर ६० सेंटीमीटरवरच्या भिंतीचा जेमतेम ९० सेंटीमीटरचा पट्टा एका फोटोत येतो. त्या पट्ट्यात काय असतं? चुन्याचा गिलावा, त्यावर डिस्टेंपरचे थर, एखादा पोपडा. पाऊलभर पुढे सरकलं की मागच्या फोटोतलं जवळपास काहीच पुढच्यात उरत नाही. फोटोंची साखळी कशीबशी वळणापर्यंत जाते आणि तिथे तुटते. जिथे तुटत नाही तिथे प्रत्येक कडीची बारीक चूक पुढच्या कडीत मिसळते आणि वर पोचेपर्यंत सगळा जिना पिळल्यासारखा होतो.

फिशआय लेन्स हे चित्रच बदलते. माझ्याकडची लेन्स ८ मिलिमीटर फोकल लेंथची, हाताने फोकस करायची आहे. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लावली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे १८० अंश दिसतात. जिन्याच्या मध्यावर उभं राहिलं की एकाच फोटोत पायाखालची पायरी, दोन्ही भिंती, वरचा कडीपाट, खालच्या दाराची चौकट आणि त्यातून दिसणारा चौकाचा तुकडा, सगळं येतं. खालच्या चौकटीवरची एक गाठ पुढच्या कितीतरी फोटोंत दिसत राहते. साखळीऐवजी जाळं तयार होतं. इटलीत मिलान पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी तिथल्या कॅथेड्रलमधल्या अरुंद गोल जिन्याची मोजणी फिशआय लेन्स वापरूनच केली आहे. ते काम वाचल्यावर आपला जिनाही होईल, असा भरवसा वाटला.

मात्र या लेन्सचे फोटो वाकलेले असतात. मधोमधची रेघ सरळ, बाकी सगळ्या कमानीसारख्या. हे पाहून बहुतेकांचा हात आधी फोटो 'सरळ' करायच्या बटणाकडे जातो. माझं म्हणणं असं की अरुंद जागेच्या मोजणीत ते बटण दाबू नये. वाकलेपणा हा दोष नाही. तो कोणत्या नियमाने आला हे गणिताला सांगितलं, तर तोच फोटो सगळ्यात जास्त माहिती देतो. नियम न सांगता सरळ केला, तर काठाची माहिती हातची जाते, आणि या कामात सगळं मोल काठाचं आहे.

हे जरा उलगडून सांगते. साध्या कॅमेऱ्याचं गणित असं धरतं की समोर एक सपाट काच आहे आणि दृश्य त्या काचेवर उमटतं. मधल्या अक्षापासून एखादा किरण जितका तिरका येतो, त्या कोनाच्या टॅनला (त्रिकोणमितीतल्या टॅन्जंटला) फोकल लेंथने गुणलं की चित्राच्या केंद्रापासून त्या बिंदूचं अंतर मिळतं. टॅनचं वागणं मात्र मोठ्या कोनाला हाताबाहेर जातं. ६० अंशाला तो १.७३ असतो, ८० अंशाला ५.६७, ८५ अंशाला ११.४३, आणि ९० अंशाला त्याला अंतच नाही. म्हणजे ८ मिलिमीटरच्या लेन्सने ८० अंशावरचा बिंदू या नियमाने टिपायचा तर तो केंद्रापासून ४५ मिलिमीटरवर पडेल. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र केंद्रापासून कोपऱ्यापर्यंत १४ मिलिमीटरच्या आसपास आहे. फिशआय लेन्स टॅनचा नाद सोडून देते. तिच्या सर्वांत सोप्या प्रकारात अंतर थेट कोनाच्या प्रमाणात वाढतं. उघड्या छत्रीच्या काड्या डोळ्यासमोर आणा: मधल्या दांड्यापासून प्रत्येक काडीवर दर दहा अंशाला सारखंच अंतर. या हिशेबाने ८० अंशावरचा बिंदू ११ मिलिमीटरवर पडतो आणि सेन्सरवर मावतो. किरण कोणत्या दिशेने आला हे पुरतं शाबूत राहतं. फक्त सरळ रेषा वाकलेल्या दिसतात.

फिशआय, म्हणजे माशाचा डोळा, हे नाव पडलं ते असं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला जग कसं दिसत असेल यावर लेख लिहिला आणि पाणी भरलेल्या कॅमेऱ्याने तसे फोटोही काढले. पुढे १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉबिन हिल यांनी अख्खं आकाश एका चित्रात टिपायला अशी लेन्स वापरली, ढगांच्या अभ्यासासाठी. म्हणजे ही लेन्स मुळात मोजणीसाठीच जन्माला आली. गंमत म्हणून नाक मोठं दाखवणारे फोटो नंतरचे.

प्रत्यक्ष लेन्स अगदी नियमाबरहुकूम वागत नाही, म्हणून तिची स्वतःची मोजणी करावी लागते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. साध्या लेन्ससाठी ड्युएन ब्राऊन यांनी मांडलेलं जुनं, भरवशाचं सूत्र आहे, पण ते टॅनवर उभं असल्यामुळे फिशआयच्या काठाला त्याचा टिकाव लागत नाही. माझ्या लेन्सवर ते लावून पाहिलं, तर मध्यभागी चूक नगण्य होती आणि काठाकडे जाताना चूक दाखवणारे बाण लांब लांब होत गेले. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातल्या युहो कन्नाला आणि सामी ब्रांट यांनी २००६ मध्ये जे सूत्र दिलं ते थेट कोनावर उभं आहे: कोन, त्याचा घन, पाचवा घात, असं पुढे. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअर-संचातलं फिशआय मॉडेल त्याच घराण्यातलं. त्यात लेन्सचं वाकणं चार आकड्यांत बांधलं जातं.

हे आकडे काढायला बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा चौकडा लागतो. कागद घरच्या प्रिंटरवर छापून पुठ्ठ्यावर चिकटवला तर तो हवेने फुगतो, म्हणून मी तो जाड काचेवर लावून घेतला. यात एकच पथ्य कसोशीने पाळावं लागतं: चौकडा फोटोच्या मधोमध धरून भागत नाही, अगदी काठाला, कोपऱ्यांत न्यावा लागतो, आणि तोही तिरका, जवळून. काठाला चौकडा गेलाच नाही, तर ते चार आकडे काठाबद्दल निव्वळ अंदाज बांधतात आणि गोळाबेरीज मात्र चूक सुरेख, छोटी दाखवते. म्हणून मी एकूण आकड्याकडे न पाहता केंद्रापासून काठापर्यंत चूक कशी पसरली आहे त्याचा आलेख पाहिला. नव्या सूत्राने तो आलेख काठापर्यंत सपाट राहिला, तेव्हा कुठे मन निवांत झालं.

फोकसची रिंग त्या क्षणापासून हलता कामा नये, कारण फोकस हलला की लेन्सचे आकडेही हलतात. ८ मिलिमीटरच्या लेन्सला एफ/८ वर (लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी बारीक ठेवून) फोकस सुमारे ४० सेंटीमीटरवर ठेवला तर २० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मी रिंग तिथे लावली आणि वरून कापडी चिकटपट्टी मारली. मीटरभरावरच्या भिंतीवर एका पिक्सेलमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर मावतो. वाड्याच्या कामाला हे भरपूर झालं. ज्यांना ऍक्शन कॅमेरा वापरायचा आहे त्यांना एवढंच सांगेन: हादरे घालवणारी सोय आणि 'लिनियर' नावाची सोय दोन्ही बंद करा. पहिली प्रत्येक चित्र वेगळं कापते आणि वळवते, दुसरी लेन्सचा वाकलेपणा आधीच पुसून टाकते. मग मॉडेलला कळत नाही की नेमक्या कोणत्या लेन्सचं चित्र समोर आहे.

चित्रणाच्या दिवशी मामींशी एक छोटा तह करावा लागला. माडीची जमीन अजून मातीची आहे आणि त्या ती ठरावीक दिवसांनी शेणाने सारवतात. त्या सकाळी बादली भरून वर आल्या, तेव्हा मी म्हटलं, "मामी, माझं होईपर्यंत सारवू नका हं." त्यांना वाटलं मला ओल चालत नाही. मी लॅपटॉपवर आदल्या दिवशीचा फोटो उघडून दाखवला. सॉफ्टवेअरने ओळखलेल्या खुणा त्यावर ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. डिस्टेंपरच्या भिंतीवर तुरळक ठिपके, तेही तडा गेलेल्या जागी. आणि जमिनीवर, जिथे त्यांच्या बोटांचे अर्धगोल एकावर एक उमटले होते, तिथे ठिपक्यांची नुसती गर्दी. प्रत्येक फटकाऱ्यात बोटांच्या चार रेघा, गवताच्या काड्या, मध्ये राहिलेला एखादा खडा. कोणतेही दोन अर्धगोल एकसारखे नाहीत. डेव्हिड लो यांची सिफ्ट नावाची पद्धत अशाच खुणा शोधते, ज्या वळवून पाहिल्या, लहान-मोठ्या करून पाहिल्या तरी ओळखू येतात. नवं सारवण झालं असतं तर आदल्या दिवशीच्या फोटोंतली सगळी जमीन परकी ठरली असती. मामी ठिपक्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा हात ओळखतंय हे." खरंच तसंच होतं. त्या माडीचं मॉडेल सर्वांत घट्ट बसलं, ते त्यांच्या हातामुळे.

भिंतींना असा आधार नव्हता. तिथे मी छापील खुणांचे कागद लावले: काळ्या चौकोनात पांढऱ्या घरांची नक्षी असलेले एप्रिलटॅग. प्रत्येकाचा क्रमांक सॉफ्टवेअर चित्रातूनच वाचतं. चिकटवायला रंगाऱ्यांची कागदी पट्टी घेतली, म्हणजे काढताना डिस्टेंपरचा पोपडा सोबत येत नाही. दोन-दोन कागदांमधली अंतरं लेझर मीटरने घेतली. फोटोंना आकार कळतो, माप कळत नाही. वाडा खरा आहे की काडेपेटीएवढा, हे सांगणारं फोटोंत काहीच नसतं, ते बाहेरून द्यावं लागतं. काही अंतरं मी गणिताला दिली आणि काही मुद्दाम लपवून ठेवली, शेवटी तपासायला. ही लपवलेली अंतरं ठेवल्याशिवाय कोणी आपल्या मॉडेलच्या अचूकतेबद्दल बोलू नये असं मला ठामपणे वाटतं.

१८० अंश दिसणाऱ्या लेन्सला सगळंच दिसतं, काढणाऱ्याचे पायसुद्धा. मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड) पुढे धरून, स्वतः मागे राहून, टायमरने फोटो काढत गेले. तरीही चपला, दिव्याचा स्टँड, वायर काठाला येतातच. ते भाग नंतर चित्रात झाकावे लागतात, नाहीतर कॅमेऱ्याबरोबर चालणारे पाय गणिताला 'स्थिर वस्तू' म्हणून फसवतात. दिवे मी जिन्याच्या दोन्ही टोकांना, पांढऱ्या कापडाआडून, जागचे न हलवता ठेवले, म्हणजे सावल्या जागच्या जागी राहतात. पितळेचे हंडे, देवघरातला आरसा आणि पुसून चकचकीत झालेली शहाबादी फरशी यांत प्रतिबिंबं पडतात. हंडे हलवले, आरसा झाकला, फरशी तेवढी तशीच राहू दिली आणि तिथे खुणांचे कागद जास्त लावले.

गणिताला कोलमॅप वापरलं. योहानेस शोनबर्गर यांच्या संशोधनातून आलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि अभ्यासकांत ते सर्वत्र चालतं. त्याला लेन्सचा प्रकार सांगावा लागतो. तिथे 'ओपनसीव्ही फिशआय' निवडून माझे कॅलिब्रेशनचे आकडे सुरुवात म्हणून दिले आणि सगळे फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत असं सांगितलं. फोटो मूळ वाकलेलेच दिले. जिना एका दमात उभा राहिला. वळणावरही तुटला नाही. पडद्यावर पायऱ्या एकेक करून दिसायला लागल्या तेव्हा मी मामांना हाक मारून बोलावलं.

खरी डोकेदुखी चौकात निघाली, जिथे जागा मोकळी आणि उजेड भरपूर. चौकाच्या चारी बाजूंना एकसारखे लाकडी खांब आहेत. तेच तळखडे, तीच केळफुलाची नक्षी, तीच अंतरं. सॉफ्टवेअरने पूर्वेचा खांब पश्चिमेच्या खांबाशी जुळवला, आणि ओसरी स्वतःवरच दुमडून बसली. अचूक सममितीत बांधणाऱ्या कारागिरांचं कसब गणिताला मात्र असं चकवतं. उपाय दोन केले. खांबांवर वेगवेगळ्या क्रमांकाचे कागद लावून पुन्हा चित्रण केलं, आणि कोणता फोटो कोणाशी जुळवायचा याची यादी स्वतः दिली: चालण्याच्या क्रमातले शेजारी, आणि जिथे मार्ग स्वतःला छेदतो तिथले. फिशआयचा इथे तोटाही दिसला. एकाच फोटोत चौकाच्या तीन बाजू येतात, त्यामुळे चुकीची जुळणी व्हायला जागा जास्त. पण तोच फोटो खांबामागचं तुळशीवृंदावन, न्हाणीचं दार, भिंतीवरची कॅलेंडरंही दाखवतो. यादी बरोबर दिली की त्या वेगळेपणाचा आधार मिळतो आणि ओसरी उलगडते.

मार्ग बंद करणं फार महत्त्वाचं. भिंतीतल्या जिन्याने वर, माडीभर फिरून परसातल्या लाकडी जिन्याने खाली, आणि पुन्हा चौकात, पहिल्याच जागी. हा फेरा पुरा झालेला आहे हे गणिताला कळण्याआधी सुरुवातीचा आणि शेवटचा खांब एकमेकांपासून चार बोटं सरकलेला होता. फेरा जुळवून सगळ्या फोटोंचा एकत्र हिशेब पुन्हा केल्यावर ते अंतर मिटलं, आणि लपवून ठेवलेली अंतरं मॉडेलमधून मोजली तेव्हा बहुतेक ठिकाणी फरक अर्ध्या सेंटीमीटरच्या आत राहिला. मैत्रिणीने मागितलेल्या छेदाला एवढं पुरे होतं.

इथवर हाती आली ती विरळ ठिपक्यांची आकृती. भिंती भरीव दिसायला दाट ठिपके लागतात, आणि या टप्प्याला मात्र बहुतेक साधनं सपाट काचेचंच गणित मागतात. एक वाकलेला फोटो ओढून एक सरळ फोटो केला तर काठ इतका ताणला जातो की त्यात तपशील उरत नाही, नाहीतर तो कापावाच लागतो. मी प्रत्येक फोटोचे पाच सरळ तुकडे केले: समोरचा, डावा, उजवा, वरचा, खालचा. प्रत्येक तुकड्याची दिशा मूळ फोटोवरून आधीच माहीत, त्यामुळे कॅमेऱ्याच्या जागा पुन्हा शोधायची गरज नाही. म्हणजे सरळ करणं आलंच, पण ते सगळ्यात शेवटी, वाकलेपणाकडून जे मिळवायचं ते मिळवून झाल्यावर. हा क्रम मला या सगळ्या उद्योगात सर्वांत कळीचा वाटतो.

मामांना फोनवर घर फिरून पाहता यावं म्हणून २०२३ मध्ये पुढे आलेली गॉसियन स्प्लॅटिंगची पद्धतही वापरली. लाखो धूसर, रंगीत ठिपक्यांनी ती दृश्य इतकं जिवंत उभं करते की कोनाड्यातल्या समईवरची काजळीसुद्धा दिसते. तिचं मूळ रूपही सपाट काचेचंच आहे, म्हणून तिलाही ते तुकडेच दिले. आता वाकलेली चित्रं थेट घेणाऱ्या पद्धती आल्या आहेत, एनव्हिडियाच्या संशोधकांची थ्रीडीजीयूटी त्यातली एक. पण मोजणीसाठी मी या दृश्यावर विसंबणार नाही. साध्या भिंतीपुढे हवेत तरंगणारे डाग राहतात आणि डोळ्यांना ते जाणवत नाहीत. पाहायला एक, मोजायला दुसरं, असे दोन्ही ठेवले.

छेद काढल्यावर जे दिसलं ते टेपने कधीच दिसलं नसतं. टेप खोलीच्या आत फिरते, भिंतीची जाडी तिला दार-खिडकीपाशीच कळते. इथे भिंतीच्या दोन्ही अंगांच्या खोल्या एकाच मॉडेलमध्ये होत्या, त्यामुळे जाडी सगळीकडे मोजता आली. जिना आणि माजघर यांच्यामधली भिंत एका टोकाला तीन फूट आणि वळणाच्या खाली पाच फुटांच्या वर निघाली. मैत्रीण ते पाहून थांबली. मामांना विचारलं, तर म्हणाले, "आजी म्हणायची खरं, इथे बळद होतं म्हणून. दुष्काळात धान्य काढलं आणि बुजवलं." बळद म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार. बुजवलं असेल तर चांगलंच, नुसतं तोंड लिंपून आत पोकळ ठेवलं असेल, तर त्यावर टेकलेल्या तुळईचा भार वेगळा धरावा लागेल. नकाशावर तिने तिथे तुटक रेषेने चौकट काढून ठेवली. गवंडी आधी बारीक भोक पाडून पाहणार आहे.

रस्त्याकडची भिंत माडीच्या उंचीला साडेचार सेंटीमीटर बाहेर होती. आणि तुळईचं सांगते, कारण तिथे माझ्या आकड्यांची सर्वांत चांगली परीक्षा झाली. आमचे सुतारकाका पडद्यावरचं काही मानायला तयार नव्हते, आणि का मानावं? ते लाकडी घोड्यावर चढले, तुळईच्या दोन्ही टोकांना खालून दोन इंची ठोकळे धरायला लावले, ठोकळ्यांवरून सुती दोरी ताणली आणि मध्यावर दोरी व तुळई यांमधली फट मोजली. पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). "म्हणजे बाक इंच आणि तीन सूत," ते म्हणाले. ३५ मिलिमीटर. मॉडेल ३६ सांगत होतं. काकांनी दोरी गुंडाळली आणि मग बाकीच्या तुळयांचे आकडे मागितले, वहीत लिहून घेतले.

मैत्रिणीला मी जे दिलं त्यात छेद, प्लॅन आणि दाट ठिपके तर होतेच, पण मूळ वाकलेले फोटो, लेन्सचे चार आकडे, कागदांमधली अंतरं आणि झाकलेल्या भागांची चित्रंही होती. साधनं बदलत राहतील. हे मूळ सामान असेल तर उद्या कोणीही सगळा हिशेब नव्याने, अधिक चांगला करू शकेल. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवल्या आहेत, एक मामांच्या कपाटात.

छपराखालचा माळा अजून बाकी आहे. कौलं उतरवतील तेव्हा तो करायचा. उजेडाची अडचण तेव्हा नसेल, पण वासे आणि रिपा सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून नव्या क्रमांकांचे कागद आताच छापून ठेवले आहेत.